सिंहासनाची पाठ

यंदा देखावा इजिप्तचा,
मंडळाचं ठरलं चहाच्या दुसऱ्या फेरीत.
पिरॅमिड इरफान मणियारचे, प्लायचे.
ममी भाड्याने, मालेगावहून.
सिंहासन माझ्याकडे,
कारण मी चित्रं काढते आणि पैसे कमी घेते.

दूध बाजारामागच्या गाळ्यात
तीन रात्री तो एकच फोटो
बोटांनी मोठा करत बसले.
सोन्याच्या पाठीवर रेललेला कोवळा राजा
आणि त्याच्यापुढे ती,
एका हातात वाटी, दुसरा त्याच्या खांद्यावर.
तेल लावतेय.
वर सूर्य, किरणांच्या टोकांना हात.
वहाणांचा जोड एकच म्हणे,
एक त्याच्या पायात, एक तिच्या.
म्हणजे चटका दोघांनाही, अर्धा अर्धा.

तिचं नाव आंखेसेनपातेन.
बाप गेला, देव बदलला,
मग ती आंखेसेनामून.
कारागिरांनी जुनं नाव खोडलं,
पण सगळीकडे नाही.
सिंहासनावरच कुठेतरी राहून गेलं.
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून
मला मयूरी केलं
आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले.
ओझरच्या पतपेढीत
मी अजून यमुना आहे,
तीनशे बारा रुपयांची.

तिडके बघायला आले.
राणी जरा उजळ करा ताई, म्हणाले,
आणि कपाळ मोकळं का?
त्यांच्यात नसतं, मी म्हटलं.
लोक विचारतील हो.
विचारू देत.

तांबट आळीतून पितळेची भुकटी आणून
डिंकात कालवली.
तिची बोटं रंगवायला एक दिवस गेला.

राजा गेला एकोणिसाव्या वर्षी, साधारण.
त्याच्यासोबत काय काय पुरलं:
रथ, छड्या, बदकाचं मांस,
आणि दोन लहान पेट्या.
दोन मुली, वेळेआधी आलेल्या.
पेट्यांवर त्यांचं नाव नाही.
आई हीच असणार, म्हणतात.

इथे मी ब्रश धुवायला उठले.
शरणपूर रोडच्या दवाखान्यातल्या फायलीत
नावाच्या रकान्यात ‘बेबी ऑफ’
आणि पुढे माझं. म्हणजे मयूरीचं.
ब्रश बराच वेळ धुतला.

कुणा राणीचा निरोप सापडलाय
मातीच्या विटेवर, परक्या राजाला:
नवरा मेला. मुलगा नाही.
तुमचा एक पाठवा. मला भीती वाटते.
काही म्हणतात तो हिचाच, काही म्हणतात नाही.
मग एका अंगठीवर
एका म्हाताऱ्याच्या नावाला लागून तिचं नाव,
आणि त्यानंतर
काहीच नाही.

चतुर्थीला मूर्ती आली, साडेपाच फुटी.
चौघांनी उचलून बसवली
तेव्हा माझ्या ध्यानात आलं,
तिला तर आधीपासून ठाऊक असणार:
पाठ असते टेकायला.
तो बसला की ती दिसत नाही.

दहा दिवस बाप्पाच्या कानामागून
फक्त वाटी दिसायची, आणि दोन बोटं.
वाटीत काय आहे, एका पोराने विचारलं.
तूप, त्याची आई म्हणाली, मोदकावरचं.

अनंत चतुर्दशीला ढोल गंगेकडे निघून गेले.
मांडवात मी, खुर्च्यांची चळत,
आणि रिकामं सिंहासन.
मुकुट घासून घासून
राजाचा चेहरा उडाला होता,
खाली नुसतं प्लाय.
तिचा हात मात्र तसाच पुढे, वाटी भरलेली,
समोर कुणी नाही.

इरफान टेम्पो घेऊन आला.
प्लाय परत जाणार, पुढच्या वर्षी केदारनाथ.
दोरी गुंडाळायला लागला तशी मी म्हटलं,
थांब, ही बाजू आत घालून बांधू नको.

दहीपुलाच्या उतारावर
मागून येणाऱ्या रिक्षाचा दिवा
तिच्यावर पडला.
रिक्षावाल्याने वेग जरा कमी केला.